उन्हात टाकलेला गाऊन

प्रिय आई,
अमेरिकेतल्या ईडन प्रेरीहून भावनाचा तुला आणि बाबांना जय भीम.

आम्ही मजेत आहोत. प्रितम सकाळीच ऑफिसला जातो, मी दिवसभर घर लावते. कंटाळा येत नाही, काळजी करू नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे?

एक नवल सांगते. फोनवर सांगताना रडू आलं असतं, म्हणून लिहितेय.

काल इथे लख्ख ऊन पडलं होतं, अगदी नागपूरसारखं. कपडे उन्हातच वाळले पाहिजेत, हे तुझंच ना? मग तुझा जुना गाऊन धुऊन बाल्कनीत टाकला. हो, निघताना तुला न विचारता बॅगेत घातला होता, तिकडे शोधू नकोस. थोड्या वेळानं बघते तर काय, त्याची पार फळी झालेली! एवढ्या उन्हात, आई! थंडीनं पाणी कापडातच गोठलं.

घरात आणून भिंतीला टेकवला, तर बाह्या पसरून उभाच राहिला. बरोब्बर तुझ्या उंचीचा. मी बघतच राहिले. मग त्याला म्हटलं, "बघ, हे माझं घर."

हळूहळू बर्फ वितळला आणि तो खाली बसला. मीही शेजारी बसले.

तुझीच,
भावना