पिशवी आणि पीतांबर

४ नोव्हेंबर
डॉ. म्हणाले, लग्नाआधी पिशवी निघणार नाही. जखम अजून ओली. म्हणजे मनूच्या लग्नात माझ्या पोटावर पिशवी, पिशवीत शौच. लिहितानाही लाज वाटते.
धाकट्या भावाला फोन केला. 'वसंता, कन्यादानाला तू नि सुनंदा बसा. माझी कंबर धरते.' 'कधीपासून, दादा?' 'आजपासून.'

७ नोव्हें.
मांडवीत रसिकभाई शिंप्याकडे. गेल्या वर्षी यानेच माझे सफारी सैल केले होते. 'शेठ, आ तो लक्ष्मी छे.' मीही पोटावर हात फिरवत मिरवलो. हमालीपासून वर आलेला माणूस, पोट सुटलं की मानच वाटतो. ती लक्ष्मी म्हणजे आतड्यामागे वाढलेली चरबीची गाठ, कॅन्सरची. क्वचित कुणाला होते म्हणे. गाठीबरोबर आतड्याचा तुकडा गेला. मग आतड्याचा जोड गळला, पुन्हा पोट उघडलं, ही पिशवी लागली. बाजव्याच्या कारखान्यात वाफेचा पाइप कुठे गळतो ते नुसत्या कानाने सांगणारा मी.
आज तेच सफारी आवळायला दिले. 'बहु उतरी गया, शेठ.' डाएटिंग, म्हटलं.

११ नोव्हें.
समा भागातून व्याही आले. मानपानाचं बोलणं चाललेलं, आणि पिशवी बोलली. आधी गुरगुर, मग लांब सूर. व्याही कॅलेंडर वाचू लागले.
मी काय केलं, तर बायकोकडे, शुभाकडे पाहिलं.
ती लगेच, 'माझंच पोट हो. सकाळपासून चहावर आहे.' विहीणबाई हसल्या, 'अहो, मग खा काहीतरी.' मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने.
ते गेल्यावर पिशवी रिकामी करायला शुभा रोजच्यासारखी पाण्याचा मग घेऊन उभी. बोलली असती तर बरं.

१२ नोव्हें.
मनू: 'बाबा, तुमची कंबर दुखत नाहीये.'
'दुखते.'
'सोवळ्यात उघडं बसायचं म्हणून ना? उपरणं घ्या की.'
'आणि मंत्र चालू असताना बोलली तर?'
'तर बोलली. आईने आणखी किती वेळा उपाशी राहायचं?'
पिशवीनिशी बसलेलं चालेल का, गुरुजींना विचारतो म्हटलं. नंबर लावला, रिंग व्हायच्या आत कापला. ते नाही म्हणतील ही भीती, की हो म्हणतील ही...

१९ नोव्हें., संध्याकाळ
उद्या सकाळी लग्न. घर पाहुण्यांनी भरलंय. वसंताने सोवळं आणलंच नाही. 'दादाचा पीतांबर आहे की.' शुभाने तो घडी करून पलंगावर ठेवला होता.
दार लावून नेसून पाहिला. खाली बांधला तर पिशवी दिसते, वर बांधला तर दबते. उपरणं असं घेतलं, तसं घेतलं.
दाराबाहेर शुभा. 'झालं का?'
'वसंताला देऊन टाक.'
'द्यायचा तर तुमच्या हाताने द्या. मी देणार नाही.'
बाहेर वसंता पाहुण्यांना हसवतोय. पीतांबर अजून अंगावरच आहे. तसाच बसून लिहितोय.