दाखवायला एक वाचक

तीर्थरूप मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, त्यामुळे जमेल तेवढाच वाकून). तुमचा गुडघा कसा आहे? आणि मामीचा पारा? मी बरी आहे. नोकरी अजून हंगामीच आहे.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात असले तरी पुस्तकांशी माझा काही संबंध नाही. ज्यांना ग्रंथालय पाहायचं असतं त्यांचे अर्ज घ्यायचे आणि त्यांना फिरवून आणायचं, एवढंच माझं काम. मामा, लोकांना पुस्तकं वाचायची नसतात, पण पाहायची हौस दांडगी! शाळा येतात, निवृत्तांचे संघ येतात. परवा तर एक नवरा-नवरी फोटोग्राफरसकट आली आणि शब्दकोशांना टेकून उभी राहिली. या गर्दीला कंटाळून खरे वाचक हळूहळू यायचेच बंद झाले. कुणाच्या ध्यानातही आलं नसतं, पण एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "इथे वाचतं कोण?"

झालं! ग्रंथपालसाहेबांनी फर्मान काढलं की प्रत्येक फेरीत एक तरी वाचक दिसलाच पाहिजे. आता वाचक आणायचा कुठून? मी आपलं नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाच धरून खिडकीजवळ बसवलं आणि हाताला लागली ती रहस्यकथा त्याच्यापुढे ठेवली. आधी त्याने छान नाटक केलं. पाहुणे खूश, कुजबुजत त्याचे फोटो काढायचे. (एकाने त्याला केळं देऊ केलं, ते मी अडवलं.) पण मग घात झाला. तो खरंच वाचायला लागला! खुनी सापडायच्या बेतात असताना मी निवृत्तांचा एक संघ घेऊन पोचले, तर हा पक्कड उगारून ओरडला, "बाहेर व्हा! माणसाला वाचू द्याल की नाही?" अख्खा संघ जिन्यावरून खाली पळाला. साहेब म्हणाले, सोमवारी विद्यापीठाची समिती पाहणीला येतेय, तेव्हा असला तमाशा झाला तर नोकरी कायम होणं विसरायचं. मामा, इतकी वर्षं त्याच एका आशेवर काढली हो. रडूच येतं.

असो. थंड पाणी पिऊ नका. मामीला नमस्कार.

तुमची,
लाडकी भाची

ता. क. : सोमवारी सकाळी येऊन खिडकीजवळ बसाल का? तुमचा चेहरा विद्वान आहे आणि मामी म्हणते, शेजारी भांडी आपटली तरी तुम्ही मान वर करत नाही.

आणखी ता. क. : चष्मा तेवढा आणा. पुस्तक मी देईन, कोऱ्या पानांचं मुद्दाम बांधून घेतलंय. वाचण्यासारखं पुस्तक हाती पडलं की माणूस बिघडतो, हा माझा ग्रंथालयातला अनुभव आहे.