दहापैकी सहा

विज्ञानाचे सर,

रागातच नमस्कार. हे पत्र मी तुम्हाला देणार नाही, कारण तुम्ही यालाही गुण द्याल.

वहीवर गुण न देता नुसता शेरा लिहिला तर मुलं जास्त शिकतात, यावर मी वर्षभर संशोधन केलं. मोठ्या भरवशाने ते तुम्हाला वाचायला दिलं. तुम्ही पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलंत, ‘दहापैकी सहा’. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर मी विचारलं, “ही काय थट्टा आहे?”

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. “बाई, शेवटी दीड पान शेरा लिहिलाय. तो वाचलात?”

मी वाचला नव्हता. सगळे हसले आणि मी तणतणत वर्गावर गेले.

मग वाचला. ‘ज्यांना धड वाचताच येत नाही, त्यांनी तुमचे शेरे कसे वाचले?’ या एका प्रश्नाने वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरलं. तुमचं बरोबर आहे, याचाच जास्त संताप येतो.

आज शेवटच्या बाकावरच्या, अजून धड वाचता न येणाऱ्या मुलीजवळ बसले आणि तिच्या वहीतला माझा जुना शेरा तिला वाचून दाखवला. ‘विचार छान आहे, अजून लिही.’

ती वहीतल्या शेऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, “गुण न देता एवढं लिहिलंय म्हणजे खूप चुकलं, असं वाटलं मला. म्हणून मी लिहिणंच सोडलं.”

सर, यावर तिला काय सांगायचं, ते मात्र तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

तुमच्या शेजारच्या वर्गातली,
भाषेची बाई