आईच्या ताटातला खलिया

आबा, परवाच्या रविवारी मी आईला अख्खं शहर फिरवलं आणि दुपारी हॉटेलात टेबलाशी बसवलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, त्यामुळे परवानगी कुणाची घ्यायची हा प्रश्नच नव्हता. तरी तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्ही असता तर डोळे वटारले असते. वटारा खुशाल. मी आता एक्केचाळीस वर्षांची आहे, वाळूजच्या कंपनीत माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत, आणि गाडी मी स्वतः चालवते. बिडकीनजवळच्या आपल्या वस्तीवर जाऊन मी आईला गाडीत घातलं, मागच्या सीटवर माझी बारा वर्षांची लेक, आणि निघालो.

तुम्हीही आम्हाला एकदा शहर दाखवलं होतं, ते मी विसरलेले नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची. छावणीच्या बाजारात तुमच्या मेंढ्या सकाळीच खपल्या, तुमची स्वारी खुशीत आली आणि तुम्ही म्हणालात, "चला, आज तुमाला मकबरा दावतो." आई नवं लुगडं नेसून आली होती. मकबऱ्याशी चपला काढायची वेळ आली तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "तू बस हितं, चपला राख." आपण तिघं वर गेलो, तुम्ही, मी आणि दादा. ती चार जोड चपला घेऊन खाली उन्हात बसली. मग जनावरांच्या बागेत वाघानं एवढी मोठी जांभई दिली की आईला हसू आवरेना. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "दात काढू नको, लोकं बघायलेत." तिनं तोंडाला पदर लावला, तो घरी पोचेपर्यंत काढला नाही. आणि शेवटी हॉटेल. तुम्ही दादाला घेऊन आत नान-खलिया खायला बसलात, कारण बाया हॉटेलात बसत नसतात. आम्ही दोघी समोरच्या लिंबाखाली भाकरी आणि ठेचा खात होतो. आतून मटणाच्या खलियाच्या रश्शाचा वास येत होता आणि मला रडू येत होतं. खरं सांगायचं तर ते रडू माझ्यासाठी होतं, आईसाठी नव्हतं. तुम्ही मिशा पुसत बाहेर आलात आणि म्हणालात, "लई झाक व्हतं."

घरी तरी काय वेगळं होतं? मटण शिजवायची ती. चांगले तुकडे तुम्हाला, मग दादाला, उरलंच तर मला, आणि तिच्या भाकरीवर रस्सा. तुम्ही गेल्यावर दहाव्याच्या दिवशी तुमची माणसं ओसरीवर बसली. नवऱ्याला जे आवडायचं ते बायकोनं त्याच्या नावानं सोडायचं, ही आपल्याकडची रीत. कुणी साखर सोडतं, कुणी सीताफळ. आईनं तुमच्या नावानं मटण सोडलं. म्हणजे काय सोडलं, आबा? रस्सा सोडला. तुकडा तर तिला कधी मिळालाच नव्हता. वीस वर्षं मी हे मनात धरून आहे. दर सणाला आमच्याकडे पातेलं चुलीवर चढतं, ती मीठमसाला बघते वासावरून, चव घेत नाही, आणि नंतर वरणात भाकरी कुस्करून खाते. तेव्हा मला तुमचा जो राग येतो तो फोटोतल्या तुमच्या फेट्यापर्यंत पोचत असेल.

तर रविवारी मी ठरवूनच निघाले होते. मकबऱ्याशी आई सवयीनं खाली बसायला लागली. मी म्हटलं, "ऊठ. चपला मी राखते." ती नातीचा हात धरून वर गेली आणि बऱ्याच वेळानं आली. नातीनं तिला सांगितलं होतं की हे लेकानं आपल्या आईसाठी बांधलंय. आई चपला पायात सरकवत म्हणाली, "जिती असताना काय दिलं व्हतं म्हणावं तिला?" शेजारी फोटो काढणारं जोडपं वळून बघायला लागलं. बघू देत.

बागेत ती लांडग्याच्या पिंजऱ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "लई कोकरं नेलीस की रे माझी. आता कसा गप बसलायस!" आणि हसली, अशी हसली की माझी लेकसुद्धा हसायला लागली. पदर खांद्यावरच होता. पुढे हरणांच्या कुंपणाशी मात्र ती थबकली. एका मादीकडे बोट करून तिनं तिथल्या माणसाला हाक मारली. "दादा, तिचा पुढचा उजवा पाय दुखायलाय." तो म्हणाला, "आजी, कालच डॉक्टर बघून गेले. खुराला लागलंय. पण ती तर चालतेय, तुम्हाला कसं कळलं?" "पाय टेकवताना मान वर उचलायलीय न्हवं," आई म्हणाली. आबा, आपल्या सगळ्या वस्तीवर तुमच्या नजरेचं कौतुक होतं. लंगडी मेंढी कळपात कोण हेरायचं, हे मला चांगलं माहीत आहे. संध्याकाळी वाड्यात मेंढ्या घेताना ती तुमच्या कानात सांगायची आणि तुम्ही मोठ्यानं बोलायचात. हे आता मी सगळ्यांना सांगणार आहे, दादालासुद्धा.

हॉटेलात पोऱ्यानं फडका मारला, "अम्मा, आराम से बैठो, नान गरमच लाता," म्हणाला. आई खुर्चीच्या कडेवर बसली, इकडेतिकडे बघितलं, आजूबाजूला चारपाच बाया आरामात जेवताना दिसल्या तशी मागे टेकली. मी तिघींसाठी मटणाचाच खलिया मागवला. वर लाल तर्री, आत चांगले मोठे तुकडे. आईनं वाटी माझ्याकडे सरकवली.

"मला नान आन् डाळ सांग. मी सोडलंय, ठावं हाय न्हवं तुला."

माझा संयम सुटला. लेकीसमोर, पोऱ्यासमोर मी बोलायला लागले. चपला राखल्यास, तोंड झाकलंस, रश्शावर जन्म काढलास, आणि ज्या माणसानं तुला कधी टेबलावर बसवलं नाही त्याच्यासाठी अजून सोडतेस? आई माझं बोलणं संपेपर्यंत थांबली.

"त्यांच्यासाठी कुठं सोडलं?" ती म्हणाली. "मी तर कारलं सोडणार व्हते. तूच म्हणलीस, आबाला मटण आवडायचं, मटणच सोड. लई रडायली व्हतीस तवा, जेवत नव्हतीस. म्हटलं, पोरीच्या जिवाला बरं वाटत आसंल तर सोडते."

आणि मला ती ओसरी दिसली. तुमचे चुलतभाऊ विचारतायत, आई पदराआडून "कारलं" म्हणते, एक म्हातारा गालात हसतो, आणि ते हसू मला सहन होत नाही. मी एकवीस वर्षांची आहे, तुम्ही मला हवे आहात, आणि आई तुमच्या नावानं इतकं स्वस्तात सुटते आहे असं मला वाटतं. मी सगळ्यांदेखत ओरडते, मटण सोड म्हणून. तुमच्या माणसांपैकी कुणीही तो शब्द काढलेला नव्हता.

आईनं वाटी परत ओढून घेतली. "तवा सोड म्हणलीस, आता खा म्हणायलीस. बरं, खाते." तिनं नानचा तुकडा मोडला, तर्रीत बुडवला, मग मटणाचा मोठा तुकडा उचलला आणि सावकाश खाल्ला. नातीनं विचारलं, कसंय? "मीठ कमी हाय," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा घेतला.

चपला, पदर, लिंबाखालची भाकरी, हे सगळं तुमचंच आहे, आबा, आणि ते मी तुम्हाला माफ करणार नाही. पण ही वीस वर्षं तुमच्या नावावर मी टाकली होती, ती काढून घेते आहे. तीन रात्री हे लिहिते आहे. आई वस्तीवर आहे, फोन हाताशी आहे, आणि तिची माफी मी अजून मागितलेली नाही.