उजवा पाइप

९ जानेवारी २०२५, गुरुवार

वाकले. दोन्ही! अण्णांच्या येझदी मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपचे पाइप. चाक मागं सरकून इंजिनाला टेकलं आहे.

वेग जास्त नव्हता. अंदाजे ताशी अठरा. उसाची ट्रॉली नाक्यावर उभीच होती, जाऊन धडकलो तो मीच. अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला धाराशिवला समृद्धीताईकडं गेले आहेत. सव्वीस तारखेला परत येणार. जाताना म्हणाले होते, "गाडीला हात लावायचा न्हाय. पुसायचीबी न्हाय." मी पुसली नाही. फक्त इंजिन बसून खराब होऊ नये म्हणून एक चक्कर —

आईनं दारातूनच विचारलं, "लई लागलं का रं?" मी म्हणालो, नाही, गुडघा थोडा. ती म्हणाली, "तुला न्हाय. गाडीला."

१० जानेवारी

झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर लक्ष नाही. एका माणसाच्या सातबाऱ्याच्या अकरा प्रती काढल्या. त्याला एक हवी होती.

लायसन्स काढून चार वर्षं झाली, अण्णांनी पोटच्या पोराला गाडी एकदाही दिली नाही. दहावीत दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा म्हणाले होते, "ह्याच्या हातात काय टिकत न्हाय." ते वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही. म्हणून सव्वीसच्या आत पाइप.

११ जानेवारी

एस.टी. स्टँडमागच्या व्यंकटमामांना घरी आणलं. अण्णांची गाडी पहिल्यापासून तेच बघतात. वाकून एक नजर टाकली, म्हणाले, "दाबून सरळ करू. म्या ट्रॉलीचा आस सरळ करतो, ह्यो तर पाइप हाय."

मी सांगितलं — वाकलेला पाइप सरळ केला तरी आतून कमजोर होतो. वरचा क्रोम तडकतो, तो ऑइल सील कापतो, मग तेल गळतं, मग ब्रेक मारला की —

"रणधीर," ते म्हणाले, "तू जेवलास का?"

१२ जानेवारी, रविवार

मित्रानं, शांतलिंगनं, आयटीआयमधून जाडी मोजायचा व्हर्नियर आणून दिला. डावा पाइप वर, मध्ये, खाली असा अकरा वेळा मोजला. ३४.९, ३४.९, ३५.०, ३४.९… लांबी दोनदा टेपनं, एकदा सुतळीनं. सगळं वहीत लिहिलं. गाडीची उजवी बाजू भिंतीला लागून आहे, मध्ये ज्वारीची पोती. जोडीच ती, दोन्हीकडं मोजायची गरज नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

शेजारच्या नागूबाई मावशी तिळगूळ घेऊन आल्या. गोड बोल म्हणाल्या आणि थेट गाडीवरच्या ताडपत्रीकडं बघत राहिल्या.

"आरं, गाडी अशी मान घालून का बसलीय?"

"थंडीमुळं," मी म्हणालो.

१६ जानेवारी

निवड झाली! तीन रस्ते होते. बार्शीचा लेथवाला नवा पाइप कातून द्यायला तयार. क्रोमचं विचारलं, तर म्हणाला, "चांदीचा रंग मारू की." बाद.

सोलापूरचा जुन्या मालवाला — "ओरिजिनल जोडी हाय साहेब. गंजाचे खड्डे हाईत, पर लई बारके."

"किती बारीक?"

"दिसतच न्हाईत."

"मग तुम्हाला कसे कळले?"

त्यानं फोन ठेवला.

राहिला पुण्याचा. नवी जोडी, क्रोम केलेली, माप अगदी माझ्या वहीतलं. मी पत्र्याची जाडी विचारली, क्रोमची विचारली, पाइप कोणत्या कागदात गुंडाळणार तेही विचारलं. तो म्हणाला, "दादा, गाडी चालवायचीय की परीक्षेला बसायचंय?" परीक्षेचं नाव त्यानं काढायला नको होतं. तरी मागवली.

१८ जानेवारी

अण्णांचा फोन. ऑपरेशन चांगलं झालं.

"गाडी बरी हाय?"

"हाय."

"ताडपत्री?"

"हाय."

"आई?"

"हाय."

२१ जानेवारी

पाइप आले! सरळ आहेत का हे बघायला एकदम सपाट जागा हवी. अख्ख्या परंड्यात माझ्या मते एकच — झेरॉक्स मशीनची काच. शेठ जेवायला गेल्यावर दोन्ही पाइप काचेवर हळूच फिरवले. खालून उजेडाची रेघसुद्धा आली नाही. जातीच्या दाखल्याला आलेल्या बाई म्हणाल्या, "ह्याची बी प्रत लागती का आता?"

२२ जानेवारी

डावा पाइप लोण्यासारखा गेला. उजवा जाईना.

तेल लावून बघितलं. पुन्हा पुसून बघितलं. सकाळी पोती हलवून व्यंकटमामांनी काढून ठेवलेला जुना उजवा पाइप उचलून व्हर्नियर लावला — ३३.१!! वरच्या पकडीत पत्र्याची पट्टी गुंडाळलेली. पाइप दुसऱ्याच गाडीचा, तो ज्यात सरकतो ती खालची नळीसुद्धा दुसऱ्याच गाडीची, आणि लांबीला बोटभर जास्त. अकरा वेळा मोजलं. अकराही वेळा डावा!

व्यंकटमामा पोट धरून हसत होते. "म्याच बसवलाय त्यो. तुझ्या बापानं धडकवली हुती, अठरा वर्सं झाली. त्याच नाक्यावर. त्या दिशी ह्योच घावला, ह्योच घातला. घरी सांगू नगंस म्हणाला."

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस कवा? तू आकडंच सांगत हुतास."

२४ जानेवारी

दुकानाला सुट्टी. शांतलिंगबरोबर सोलापूर. फोन ठेवणाऱ्या माणसाकडंच जावं लागलं. उजवी खालची नळी मिळाली. आवाजावरून त्यानं मला ओळखलं, आणि मी व्हर्नियर बाहेर काढल्यावर तर पाठच फिरवली.

२५ जानेवारी

बसली! सोनारीच्या रस्त्यानं नेऊन आणली. हँडल सोडलं तरी रेघ मारल्यासारखी सरळ जाते. व्यंकटमामांनीसुद्धा एक चक्कर मारली, म्हणाले, "कंपनीतनं आल्यागत झालीय." पुसली मात्र नाही. बोटांचे ठसे तेवढे मातीनं झाकले.

२६ जानेवारी, रविवार

अण्णा आले. काळा चष्मा. आधी गाडीभोवती फिरले, मग घरात शिरले. महिनाभर गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. महिनाभर तरी सुटलो!

२ फेब्रुवारी, रविवार

सुटलो नाही.

आई बाजारात गेलेली. अण्णा काळ्या चष्म्यासह गाडीवर. "गल्लीतल्या गल्लीत," म्हणाले. निघाले, आणि दहा पावलांवर उजवीकडं वळून नागूबाई मावशींच्या कडब्याच्या गंजीत शिरले. संथपणे. जणू तिकडंच जायचं होतं.

मी धावलो. चष्मा जागेवर होता. डोळा ठीक. गाडी ठीक. पाइप — ठीक! नागूबाई मावशी ओरडत होत्या, "आवो धनाजीराव, वैरण टाकायची तर गोठ्यात टाका की!"

अण्णा कडब्यातच बसून होते. "गाडी सरळ जातीय," ते म्हणाले. "सरळ कशी जातीय? अठरा वर्सं ती डावीकडं वडती, म्या उजवीकडं रेटतो."

मी सगळं सांगितलं. ट्रॉली, वेग, तारीख, वार. शेवटी म्हणालो, उजवा पाइप दुसऱ्या गाडीचा होता.

"कुणी सांगितलं?"

"मोजला." व्यंकटमामांचं नाव घेतलं नाही.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. पिशव्या घेऊन ती केव्हाची उभी होती, कोण जाणे. "म्हंजे तुमीबी धडकवली हुती?"

अण्णा केसातला कडबा काढत राहिले. मी वाट बघत होतो, ते वाक्य आता येईल. आलं नाही.

५ फेब्रुवारी

अण्णा बोलत नाहीत. माझ्याशी नाही, गाडीशीही नाही.

११ फेब्रुवारी

अण्णा सोनारीला एस.टी.नं गेले. येझदी दारात असताना! आणि डॉक्टरांचं ऐकणारे ते नव्हेत. आई म्हणते, "त्यांना भ्या वाटतंय, पर म्हणायचं न्हाय."

२ मार्च, रविवार

डॉक्टरांची परवानगी कालपासून. सकाळी अण्णांनी गाडी बाहेर काढली, किक मारली, आणि बसूनच राहिले. मी उंबऱ्यात उभा होतो. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मागं बस. म्या उजवीकडं रेटाया लागलो की सांगत जा."

सोनारीपर्यंत नऊ वेळा सांगितलं. नऊही वेळा त्यांनी ऐकलं.