माझ्या वाट्याचं पाणी

ता. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. साष्टांग घालताना पोट आडवं येतं, तेव्हा हा नमस्कार उभ्यानेच समज.

फोनवर तू ‘ठीक’च्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्र. तुला किडनी देण्याआधीच्या माझ्या तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. घोडं अडलं ते भलतीकडेच. दिवसरात्रीची सगळी लघवी एका कॅनमध्ये साठवून द्यायची होती, त्यात सायट्रेट फारच कमी निघालं. लिंबात असतं तेच हे. लघवीत ते पुरेसं असलं की खडे सहसा धरत नाहीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या डाव्या किडनीत एक बारीकसा धरलेला आहेच.

तुला माहीत आहे, आमच्या रंगखान्यात उकळत्या टाक्यांपाशी घामाच्या धारा लागतात आणि मुतारी आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणून पाणीच प्यायचं नाही, ही आम्हा सगळ्यांची जुनी युक्ती. त्यात रोजचं मांस, त्यावर मीठ, सुटलेलं पोट आणि काठावर आलेली साखर. बाईंनी माझी चांगलीच हजेरी घेतली. एकच किडनी उरली आणि तीही खड्याने बंद पडली तर बहीणभाऊ शेजारी शेजारी डायलिसिसच्या मशीनवर बसाल, असं तोंडावर सांगितलं. तीन महिने पथ्य पाळायचं, मग पुन्हा तपासणी. सुधारलं तर पुढे जायचं. तुझी भावजय आजपासूनच हवालदार झाली आहे.

भाऊजींना नमस्कार. चरबी कमी करायची आहे, लोभ मात्र होता तेवढाच राहू दे.
तुझा,
ढब्बू

ता. १९ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. रागावू नकोस, पण खरं लिहिते. वाचून मला काहीच वाटलं नाही. तुझ्या भाऊजींनी विचारलं, काय म्हणतो ढब्बू, तर मी सांगितलं की त्याला खडा निघाला, आणि पुन्हा गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची काजं करायला बसले. तेच बिचारे खुर्चीत बसून राहिले.

दिवसाआड मशीनवर जाते. तीच निळी खुर्ची, तीच भिंत. डाव्या हातात सुया टोचतात, घरी आल्यावर त्या हाताची बोटं बधिर असतात. कापड धरलं आहे की सुटलं ते बघूनच कळतं. बाकीचीही मी तशीच झाले आहे. शेजारच्या खुर्चीवरच्या मास्तरीणबाई परवापासून आल्या नाहीत. मी नर्सला विचारलंदेखील नाही.

पाणी मला मोजून मिळतं. घसा कोरडा पडला की बर्फाचा तुकडा चघळते. सुरुवातीला तहानेने जीव कासावीस व्हायचा, आता तोही होत नाही. आणि तू, नळाखाली तोंड धरून पिणारा, पाणी न पिण्याच्या युक्त्या काढतोस! अक्कल काय टाकीत रंगवायला टाकली होतीस?

पथ्य कर, पण माझ्यासाठी फार आशा धरून बसू नकोस. वहिनीला सांग, त्याला मिठाचा डबा दिसू देऊ नको.
आशीर्वाद आहेतच, वेगळे लिहीत नाही.
ताई

ता. ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आता नमस्कार अर्धा वाकून जमतो.

पट्ट्याला नवीन भोक पाडलं. सकाळ-संध्याकाळ लिंबूपाणी, मांस कधीतरी, खारट काही नाही. कामावर पाण्याची बाटली घेऊन बसतो, त्यामुळे माझ्या आवारापारच्या फेऱ्या बघून मुकादमाच्या कपाळाला आठ्या पडतात.

काल कॅन नेऊन दिला. यावेळी सायट्रेट कमी पडायचं नाही, अगदी निर्धास्त राहा. रंग फिका उतरला की आम्ही आख्खी टाकी ओतून देत नाही, कमी असेल ते वरून घालतो. तशीच तजवीज केली आहे. तू कापडं आवरायला घे, ऑपरेशननंतर बरेच दिवस शिवता यायचं नाही.
लोभाला पथ्य नाही, तो भरपूर असावा.
ढब्बू

ता. २० जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आ., आणि पाठीत एक धपाटा.

वहिनीने फोनवर सगळं सांगितलं. अरे गाढवा, कॅनमध्ये लिंबं पिळलीस? आणि पिळलीस ती पिळलीस, बिया तरी काढायच्या! म्हणे प्रयोगशाळेतल्या पोरीने कॅन उघडला आणि बिया तरंगताना बघून सगळ्यांना हाका मारल्या.

मशीनवर बसल्या बसल्या मला ते आठवलं आणि इतकी हसले की हात हलला, मशीन कोकलायला लागलं आणि नर्स धावत आली. शेवटचं कधी हसले होते, आठवत नाही. घरी आल्यावर मात्र पुन्हा तसंच झालं, सगळं लांब गेल्यासारखं.

आता खरीखुरी तपासणी दे. कमी निघालं तर कमी. तुझं शरीर म्हणजे टाकी नव्हे.
ताई

ता. ८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नापास झालो. सायट्रेट जरासं वाढलं, पण पुरेसं नाही. शिवाय आता उजवीकडेही खडा दिसला. बाईंनी या वेळी रागावूनही बघितलं नाही, त्यावरूनच समजलो. माझी किडनी घेणार नाहीत.

आता मलाही काही वाटत नाही. काम करतो, घरी येतो. बाटली कपाटात ठेवून दिली. ज्याच्यासाठी पाणी पीत होतो तेच संपलं.
ढब्बू

ता. १३ जुलै

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि मला भीती वाटली. तुझी किडनी मिळत नाही म्हणून नव्हे, ते मला मनातून कधीच कळलं होतं. बाटली कपाटात ठेवलीस, म्हणून वाटली. मास्तरीणबाईंची खुर्ची अजून रिकामी आहे रे. तिच्यावर तू येऊन बसलेला मला दिसलास, आणि मी मोठ्याने रडले. तुझे भाऊजी घाबरले, मग तेही रडले.

माझं नाव किडनीसाठीच्या यादीत आहे. नंबर लागेल किंवा लागणार नाही. तुझ्या हातात आता तेवढं एकच आहे, ती बाटली बाहेर काढ. मला दिवसाला दोन पेले मिळतात. राहिलेलं माझ्या वाट्याचं पाणी तू पी, लिंबू पिळून पी. रोज संध्याकाळी फोन करून सांगायचं, किती प्यायलास, गार होतं का, घटाघटा प्यायलास की घोट घोट. मी ‘ठीक’ म्हणून ठेवून देणार नाही.

ऐकून मला तहान लागेल. लागू दे.
तुझी,
ताई