बोट कोणाकडे जावी याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांना तसा दाखला देता आला नाही. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही की फूस लावलेली नाही. खरे तर कोणी विषयही काढला नव्हता.

ह्यांच्या निधनानंतर मी एक मृत्युपत्र केले होते. बोट विकून टाकावी आणि जे येईल ते दोन्ही मुलांनी वाटून घ्यावे, असे त्यात लिहिले होते. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. का, ते बोटीच्या कलमात येईल. मला एकच मुलगा आणि एकच मुलगी आहे, त्यामुळे कोणाला काय याचा घोटाळा होऊ नये.

१. अंत्यविधी साधा करावा. भाषणे नकोत. ज्यांना माझ्याशी बोलायचे होते त्यांना एकाहत्तर वर्षे मिळाली.

२. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते दोघांना निम्मे निम्मे. मुलगी परदेशी असते, ती इथे येऊन राहणार नाही हे मला ठाऊक आहे; तरी तिचा अर्धा वाटा तिचाच. "मला काही नको गं आई," असे ती फोनवर म्हणते. लहानपणीही असेच म्हणायची आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडायची. तेव्हा तिच्या 'नको'वर कोणी जाऊ नये.

बँकेत आहे तेही असेच निम्मे. सोन्याच्या बांगड्या मात्र सुनेला. ती माझ्याशी कधी भांडली नाही, पण माझ्या बाजूने माझ्या मुलाशी भांडली. मला ते कळले नाही असे तिला वाटते. कळले आहे.

३. ह्यांचे शब्दकोश, भिंग आणि तांबड्या पेन्सिली मुलीला. हे छापखान्यात मुद्रितशोधक होते. शब्दकोशांच्या समासात त्यांनी कोशकारांच्या चुका दुरुस्त करून ठेवल्या आहेत, त्या खोडू नयेत.

४. पान्यांचा संच, ग्रीसची पिचकारी, हातपंप आणि केबिनच्या फळीखाली ठेवलेले इंजिनाचे सुटे भाग धक्क्यावरच्या फिटरला द्यावेत. त्याला मी खरे तर साक्षीदार म्हणून बोलावले होते. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, हे कळल्यावर तो म्हणाला, "मग पाने राहू देत ताई, मी सही करतो. माझी सही मागायला एरवी कोण येतंय?"

मी म्हटले, "सही काय, कोणीही करील. त्या पान्यांना तेल कोण लावणार?"

तो उठला. चहा अर्धा ठेवून गेला. त्याला माझ्या तब्येतीबद्दल मी काही सांगितले नव्हते, पण धक्क्याच्या पायऱ्या चढताना मला लागलेला दम त्याने ऐकला असावा. इंजिन ऐकायची सवय.

५. ज्या वकीलसाहेबांनी आम्हांला बोट विकली त्यांना माझ्या मृत्यूची बातमी कळवू नये. तरी कळली आणि ते आलेच, तर खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, पण बोलू देऊ नये. त्यांचे बोलणे ऐकून माणूस काय विकत घेईल याचा नेम नाही, आणि तेव्हा घरच्यांना आवरायला मी नसेन.

६. बोट.

या कलमाला वेळ लागेल. मी दमले आहे, मध्ये मध्ये थांबत लिहीन.

माझी सगळी नोकरी तळघरात झाली. क्ष-किरण विभागाला खिडकी नसते. शिशाचा जड अॅप्रन घालायचा, माणसाला म्हणायचे "श्वास धरा", बटण दाबायचे, म्हणायचे "सोडा". बाहेर पाऊस आहे की ऊन, हे मला लोकांच्या चपलांवरून कळायचे. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी विचारले, आता काय करणार. मी म्हटले, झोपणार. पण झोप येईना. मग रोज समुद्राकडे फिरायला जाऊ लागले, आणि बोटी दुरुस्त करायच्या आवारात, गुडघाभर गवतात, लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली ही बोट दिसली. केबिनची मोटरबोट. आत दोन माणसे झोपतील एवढी जागा, एक शेगडी, मागे उघडा डेक, आणि चारही बाजूंना खिडक्या. त्या खिडक्या पाहून मी तिथेच उभी राहिले.

किनाऱ्याकिनाऱ्याने जावे, संध्याकाळी एखाद्या आडोशाच्या खाडीत नांगर टाकावा, सकाळी उठून पुढे जावे. एवढीच हौस होती.

"इंजिन म्हणजे घड्याळ आहे ताई, घड्याळ!" वकीलसाहेब म्हणाले होते. घड्याळच निघाले, बंद पडलेले. तळाला एक भेग होती, ती रंगाखाली बुजवलेली. जन्मभर लोकांच्या हाडांतल्या भेगा शोधणारी मी, पण रंग ताजा आणि निळा होता.

मुलगा तेव्हा म्हणाला, "आई, या वयात लोक बाग करतात."

मी म्हटले, "बाग एका जागी असते."

हे आवारात आले, बोटीला एक फेरी मारली आणि मागच्या बाजूला रंगवलेले तिचे नाव वाचून म्हणाले, "यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका आहेत. हे आधी पुसलं पाहिजे." तसे पुसलेही. नवे नाव काय द्यावे यावर आमचे एकमत कधी झाले नाही. म्हणून ती अजून नुसतीच बोट आहे.

फिटरने तळ उघडून भेग बुजवली, इंजिन उतरवून पुन्हा बांधले. मी सुकाणू धरायला शिकले, परवाना काढला. आणि पहिल्याच फेरीत कळले की ह्यांना बोट लागते. थोडीथोडकी नाही. धक्का दिसेनासा व्हायच्या आत चेहरा पांढराफटक, हातात बादली. मला वाटले, संपली आपली हौस. पण पुढच्या वेळी बादली घेऊन आधी हेच जिना उतरले. असे वर्षानुवर्षे. खाडीत नांगर पडला की हळूहळू रंग यायचा, मग केबिनच्या खिडकीशी पुस्तक घेऊन बसायचे आणि मला हवा तितका वेळ ऊन खाऊ द्यायचे.

मग तो अपघात झाला. खडकांच्या टोकाजवळून वळताना इंजिन बंद पडले. डिझेलमध्ये पाणी शिरले होते. वारा आम्हांला खडकांकडे ढकलत होता आणि मी खाली इंजिनाशी झटत होते. वरून ह्यांचा आवाज आला, "नांगर टाकतो गं!" नांगर पडला, लागला, बोट थांबली. खडक इतके जवळ होते की त्यांवरचे खेकडे दिसत होते. मी वर आले तेव्हा हे डेकवर बसलेले, हात शर्टात गुंडाळलेला. साखळी सुटताना हात तिच्याखाली आला होता. डाव्या हाताची दोन बोटे गेली. मासेमारीच्या एका मोठ्या बोटीने आम्हांला ओढत धक्क्याला आणले.

रुग्णालयात मुलगा धावत आला. आधी वडिलांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "बास झालं आई. उद्याच्या उद्या ती बोट विकून टाक."

हे गुंगीतच होते. म्हणाले, "अरे, दोन बोटं गेली तेवढी पुरे. तिसरी कशाला घालवतोस?"

मुद्रितशोधक माणूस, गुंगीतल्या विनोदातही लिंग चुकले नाही. नर्सला हसू आवरेना. मुलगा हसला नाही. त्या दिवसानंतर कित्येक वर्षे त्याने बोटीवर पाऊल ठेवले नाही.

आम्ही मात्र हात बरा झाल्यावर पुन्हा जाऊ लागलो. एकदा मी चिडून विचारले, "इतका त्रास होतो तर येता कशाला? मी काय एकटी बुडेन?"

ते म्हणाले, "घरी राहिलो तर तू परत येईपर्यंत घरीच मळमळत राहतं. त्यापेक्षा इथे बरं. इथे निदान बादली आहे."

पुढे मूत्रपिंडाच्या दुखण्याने ते गेले. बोटीचा त्यात काही संबंध नव्हता, डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले. पण शेवटच्या दिवसांत रुग्णालयाच्या बोळात मुलाने मला विचारले, "आयुष्यभर बाबा तुझ्या मागे मागे फिरले. त्यांना काय हवं होतं, हे तू कधी विचारलंस का गं?"

मी उत्तर दिले नाही. थकवा होता, आणि रडत बोललेले कोणाला पटत नाही. ते उत्तर इथे नोंदवते, कारण मृत्युपत्रात बोलणाऱ्याला कोणी मध्येच तोडत नाही. होय, विचारले होते. त्यांनी काय सांगितले ते वर लिहिले आहे.

त्यानंतर आमचे बोलणे कामापुरते राहिले. औषधे आणली का, वीज बिल भरले का. बोट धक्क्याला बांधलेली पडून राहिली. गुडघे गेले, मग दम लागू लागला. हृदयाची झडप निकामी होत चालली आहे, असे निदान झाले. शस्त्रक्रिया करता येईल, पण या वयात भरवसा नाही, असे डॉक्टर म्हणाले. मी नको म्हटले. मुलाला यातले काही सांगितले नाही. फक्त निरोप दिला, की बोट विकायची आहे, गिऱ्हाईक बघ. त्याने बघितले.

गेल्या आठवड्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी बोट पाहायला आले. एक फेरी मारून दाखवायची होती. माझ्याने सुकाणू ओढवेना, तेव्हा मुलाला धरावे लागले. मी शेजारी बसून सांगत होते, डावीकडे घे, आता हळू, लाट समोरून घे. त्याचे हात ह्यांच्यासारखे आहेत, लांब बोटांचे. मी तिकडे पाहायचे टाळले.

मुख्याध्यापकांनी विचारले, "इंजिनाचा काही त्रास वगैरे?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "एकदा भर समुद्रात बंद पडलंय. तळाला भेग होती, ती बुजवलेली आहे. आणि नांगराच्या साखळीत माझ्या वडिलांची दोन बोटं गेली."

त्या बाईंनी विचारले, "अहो, मग तरी तुम्ही ठेवलीत?"

मुलाने पुढे पाहतच सांगितले, "बाबांना आईबरोबर यायला आवडायचं."

सुकाणू सरळ करून पुन्हा म्हणाला, "हो. आवडायचं त्यांना."

मी तोंड फिरवून बाहेर पाहत राहिले. दम लागल्यासारखे झाले, पण तो झडपेचा नव्हता.

"विचार करून कळवतो," म्हणून ते दोघे गेले. असे म्हणणारे कळवत नसतात. मुलगा दोर बांधत होता. चुकीची गाठ मारत होता. मी धक्क्याच्या पायरीवर बसले आणि झडपेचे सांगून टाकले, शस्त्रक्रिया नको म्हटल्याचेही.

तो दोर हातात धरून उभाच राहिला. मला वाटले, आता भांडेल. भांडायचा त्याला हक्क होता.

"किती दिवस म्हणतात?" त्याने विचारले.

"नक्की कोणी सांगत नाही. वर्ष म्हण. कमीही."

तो माझ्या शेजारी येऊन बसला. हातातल्या दोराला पीळ घालत म्हणाला, "मग विकायची एवढी घाई कशाला?"

म्हणून हे कलम बदलले. बोट माझ्या पश्चात मुलाला द्यावी. कोणतीही अट नाही. ठेवावी, विकावी, गवतात उभी करावी, त्याची मर्जी. "आईची आठवण" म्हणून ती सांभाळू नये. जुनी बोट माणसाला फार दमवते. विकायची झाल्यास घेणाऱ्याला सगळे खरे सांगावे असे मी लिहिणार होते, पण त्याची गरज दिसत नाही. मुलीची याला हरकत नाही. या खेपेला ती "मला नको" म्हणाली तेव्हा मी मुद्दाम फोन बराच वेळ धरून ठेवला. नळाचा आवाज आला नाही. ती हसत होती.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलाने करावी. बहिणीला विचारून करावी. भांडण झालेच तर जेवून मग भांडावे.

८. आणखी काही द्यायचे राहिले असेल तर ते ज्याच्या हाती लागेल त्याचे.

हे मृत्युपत्र आज शनिवारीच पुरे करते आहे, कारण उद्या सकाळी मुलगा मला न्यायला येणार आहे. खाडीपर्यंत जाऊन यायचे म्हणतो. त्याने नवी बादली घेतली आहे. वारा मंद राहील असा अंदाज आहे.

लिहिलेले सगळे मी पुन्हा वाचले. बदलावेसे काही वाटले नाही. सही करते.

मृत्युपत्र करणारी: (सही)

या बाईंनी आमच्या देखत सही केली, आणि आम्ही त्यांच्या देखत. त्या शुद्धीत होत्या; आमच्या सह्यांच्या जागा त्यांनीच बोट ठेवून दाखवल्या. आम्हां दोघांना या लेखाने काहीही मिळत नाही.

साक्षीदार पहिली: (सही) खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्य
साक्षीदार दुसरा: (सही) निवृत्त ग्रंथपाल, समोरचे दार

स्थळ: राहते घर, तिसरा मजला
दिनांक: १५ मार्च, शनिवार, दुपारी